एन्झाइम, तापमान आणि पीएच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीच्या प्रॅक्टिकलला लाळेतल्या अमायलेजचा, म्हणजे स्टार्चचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमचा, प्रयोग आला की दर वर्षी ठरावीक प्रश्न येतात. काही व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री फोनवर, काही पालकसभेत, आणि निम्मे चक्क स्वयंपाकघरातून. पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला विकर आणि पीएचला, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायच्या आकड्याला, सामू म्हणतात. वर्गात मात्र मुलं काय नि आम्ही काय, सगळे एन्झाइम आणि पीएचच म्हणतो, म्हणून इथेही तसंच.

एन्झाइमला उष्णतेचं आणि आम्ल-अल्कलीचं एवढं वावडं का?

कारण एन्झाइम, म्हणजे सजीवांतल्या अभिक्रियांचा वेग वाढवणारा पदार्थ, हे जवळजवळ नेहमीच प्रथिन असतं. अमिनो आम्लांची लांब साखळी ठरलेल्या पद्धतीनं दुमडते आणि त्या घडीत कुठेतरी एक लहानशी खाच तयार होते. सगळं काम त्या खाचेत चालतं. घडी जागच्या जागी धरून ठेवणारे बंध मात्र एकेकटे अगदी दुबळे असतात: हायड्रोजन बंध, विरुद्ध प्रभारांची ओढ, असे. उष्णतेनं हे बंध हलायला लागतात, पीएच बदलला की प्रभारच बदलतात. उकडीचा मोदक फुटला तर उकड तीच, सारणही तेच, पण त्याला मोदक कोणी म्हणत नाही. एन्झाइम ‘डिनेचर’ झालं म्हणजे तसंच काहीसं. साखळी तुटत नाही, घडी मोडते.

तापमान वाढलं की वेग आधी वाढतो आणि मग धाडकन खाली येतो. असं का?

एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात म्हणून. तापमान वाढलं की रेणू जास्त जोरात धडकतात आणि अभिक्रिया वेगानं होते. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट. म्हणजे ३७ अंशांवरचं एन्झाइम ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचा वेग सुमारे दहावा हिस्सा उरेल. दुसरीकडे घडी मोडण्याची क्रियाही तापमानाबरोबर वाढते, आणि ती दुपटीनं नाही, कितीतरी अधिक वेगानं वाढते. म्हणून आलेखाची डावी बाजू टेकडीच्या चढासारखी आणि उजवी कड्यासारखी. व्हायवाला दोन्ही बाजू सारख्या काढलेला आलेख दिसला की परीक्षक पेन खाली ठेवतात.

मग ऑप्टिमम, म्हणजे सगळ्यात जास्त कामाचं, तापमान नक्की किती? पुस्तकात ३७, नेटवर ४५, बाटलीवर ६०.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि याचं पुस्तकी उत्तर मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

पहिली गोष्ट, ‘अमायलेज’ हे एका एन्झाइमचं नाव नाही, घराण्याचं आहे. तुमच्या लाळेतलं वेगळं, बुरशीचं वेगळं, बॅसिलस जीवाणूचं वेगळं. कारखान्यात स्टार्च पातळ करायला वापरतात ती काही जीवाणूंची अमायलेजं ९० अंशांच्या आसपासही काम करतात. तेव्हा बाटलीवरचा आकडा बाटलीतल्या एन्झाइमचा आहे, तुमच्या तोंडातल्या नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑप्टिमम तापमान ही एन्झाइमवर कोरलेली खूण नाही. किती वेळ मोजताय, त्यावर ती सरकते. दोन मिनिटांचा प्रयोग असेल तर घडी मोडायला फारसा अवधीच मिळत नाही, म्हणून वरचं तापमान जिंकतं. तोच प्रयोग दोन तास चालवा. वरच्या तापमानाचं एन्झाइम पहिल्या काही मिनिटांत झपाट्यानं काम करून गारद होतं, खालच्या तापमानाचं सावकाश करत राहतं आणि शेवटी एकूण काम त्याचंच जास्त भरतं.

हे मला पुस्तकातून नाही, बिघडलेल्या वॉटरबाथमुळे पटलं. मी पूर्वी शिकवायचे त्या कॉलेजात वॉटरबाथची तबकडी ३७ दाखवायची. एका बॅचचा वेळ सगळ्यांचाच फार कमी येत होता. स्टार्च इतक्या लवकर संपतोय म्हणून मुलं खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी सहज साधा थर्मामीटर पाण्यात धरला तर पारा ४६ वर. प्रयोग जेमतेम पाच-सात मिनिटांचा, त्यामुळे ४६ अंशांवर एन्झाइम थकण्याऐवजी जास्तच जोमात पळत होतं. तेव्हापासून तबकडीवर माझा विश्वास नाही.

व्हायवाला काय सांगायचं? ‘शरीरातल्या परिस्थितीत ३७ अंश’ म्हणा आणि ‘प्रयोगाच्या वेळेवर अवलंबून’ हे जोडा. चांगले परीक्षक दुसऱ्या वाक्यावर मान डोलावतात.

थंडीत एन्झाइम मरतं का?

नाही, मंदावतं. हिवाळ्यात मटार सोलून तसेच फ्रीझरमध्ये टाकले की दोन-तीन महिन्यांनी त्यांना गवतासारखा वास येतो आणि रंग उतरतो. उणे १८ अंशांतही दाण्यातली एन्झाइमं रेंगाळत का होईना, कामं उरकतच असतात. म्हणून आधी मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाकायचे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. उकळत्या पाण्यानं एन्झाइम मोडतात, बर्फानं शिजणं थांबतं. मग फ्रीझर. कारखान्यातही हेच करतात आणि दाण्यातलं पेरॉक्सिडेज संपलं की नाही ते तपासतात, कारण भाज्यांमधल्या चिवट एन्झाइमांपैकी ते एक. ते गेलं म्हणजे बाकीची गेलीच असं धरून चालतात.

उकळलेलं एन्झाइम थंड केलं तर पुन्हा चालू होतं का?

सहसा नाही. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवून कच्चं होत नाही, तेच कारण. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत अडकून गोळा होतो. पण ‘कधीच नाही’ असं लिहू नका. ख्रिश्चन आन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं छोटं एन्झाइम रसायनांनी पूर्ण उलगडून दाखवलं. रसायनं काढून घेतल्यावर ते आपोआप पुन्हा दुमडलं आणि कामालाही लागलं. त्या कामाला १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. भाजीतलं पेरॉक्सिडेजसुद्धा फार थोडा वेळ तापवलं तर काही अंशी परत जागं होतं. ब्लँचिंगमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या उकळत्या पाण्याच्या चटक्यात, घाई केली की म्हणूनच फसगत होते.

एन्झाइम मोडण्याचा दुधाच्या धंद्यात फार हुशारीनं उपयोग केलेला आहे. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज असतं. दुधातल्या रोगजंतूंना मारायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेला ते मोडतं. म्हणून दूध ७२ अंशांवर १५ सेकंद नीट तापलं की नाही हे पाहायला जंतू शोधत बसत नाहीत, फॉस्फटेज उरलंय का ते बघतात. उरलं असेल तर पाश्चरायझेशन कच्चं, किंवा नंतर कच्चं दूध मिसळलं गेलंय.

९५ अंशांनाही टिकणारी एन्झाइमं असतात म्हणे?

असतात. आरटीपीसीआर चाचणी त्यांच्याच जिवावर चालते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना एक जीवाणू सापडला. १९६९ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन थर्मस अ‍ॅक्वाटिकस या नावानं प्रसिद्ध केलं. त्याचं डीएनए पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती बनवणारं एन्झाइम), म्हणजे ‘टॅक’, ७० ते ८० अंशांत खुशीत काम करतं आणि पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत नेण्याच्या, प्रत्येक फेरीत येणारे ९५ अंशही सोसतं. त्याच्या घडीतले बंध जास्त आणि नीट जागच्या जागी बसलेले, म्हणून. गंमत अशी, की हेच एन्झाइम ३७ अंशांवर अगदी सुस्त असतं. ताठ घडी उष्णतेत टिकते, पण कामाला थोडी लवचीकताही लागते.

पीएच बदलला की नेमकं काय बिघडतं?

दोन वेगळ्या गोष्टी बिघडतात आणि उत्तरपत्रिकेत त्यांची नेहमी खिचडी होते.

एक, खाचेतल्या अमिनो आम्लांचे प्रभार. जठरात प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनच्या खाचेत अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे दोन गट समोरासमोर असतात. काम व्हायला त्यातल्या एकावर प्रोटॉन (हायड्रोजन आयन) बसलेला हवा आणि दुसरा मोकळा. ही जोडी जुळते ती पीएच २ च्या आसपास. आतड्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनचा भरवसा हिस्टिडिन या अमिनो आम्लावर. त्यावर प्रोटॉन बसला की काम बंद, म्हणून त्याला पीएच ८ च्या जवळ बरं वाटतं. प्रोटॉन गेला, आला, की काम सुरू, बंद. यात घडी मोडत नाही.

दोन, पीएच फारच लांब गेला तर आख्खी घडी उसवते. हे सहसा परत फिरत नाही.

फरक लक्षात राहावा म्हणून हीच दोन एन्झाइमं घ्या. प्रयोगशाळेत ट्रिप्सिन मुद्दाम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. तिथे ते बंद पडतं, पण बिघडत नाही. उलट बंद असल्यामुळे स्वतःलाच खाऊन टाकत नाही. पीएच ८ च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकलं की पुन्हा चालू. पेप्सिन मात्र पीएच ८ ला नेलंत तर ते गेलंच. परत आम्लात आणून उपयोग नाही.

आणि पीएचच्या १ आकड्याला कमी लेखू नका. पट्टी लॉगरिदमची आहे: ७ वरून ६ म्हणजे हायड्रोजन आयन दहापट, ५ म्हणजे शंभरपट. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात का सांभाळतं, ते यावरून कळेल.

पीएच ही पट्टी आली कुठून?

एन्झाइमांसाठीच आली! सोरेन्सन हे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होते. हो, बिअरवालीच ती. एन्झाइमांवर काम करताना नुसतं ‘थोडं आम्ल घातलं’ म्हणून भागेना, म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ही पट्टी मांडली. आज मातीपासून शॅम्पूपर्यंत सगळ्याला तीच लावतो.

अमायलेजच्या प्रयोगात माझं उत्तर उलटंच येतं. ८० अंशांलाही स्टार्च संपलेला दिसतो. काय चुकलं?

बहुतेक तुम्ही आयोडीन थेट गरम परीक्षानळीत टाकलंत. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उष्णतेनंच उडतो, त्यात एन्झाइमचा काही हात नसतो. नळी गार होऊ द्या, निळा रंग परत येईल. म्हणून तर थेंब काढून पांढऱ्या टाइलवर, गार आयोडीनच्या थेंबात टाकायचा असतो.

दुसरी फसगत अल्कलीच्या नळीत होते. पीएच खूप चढलेला असेल तर आयोडीनच अल्कलीशी अभिक्रिया करून रंगहीन होतं. स्टार्च तसाच पडलेला, आणि मुलं वहीत लिहितात ‘क्रिया पूर्ण’. शंका आली तर टाइलवरच्या त्या थेंबात सौम्य आम्लाचे एक-दोन थेंब टाका. निळा परत उमटला, की समजा स्टार्च जागेवरच होता. दर वर्षी कोणीतरी हे करून बघतं आणि टाइलभोवती गर्दी जमते.

बाकी काळज्या अशा. चूळ भरून मग लाळ घ्या आणि पाणी घालून पातळ करा, नाहीतर पहिल्या मिनिटालाच सगळं संपेल. स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत त्या त्या तापमानाला आणा, मगच मिसळा. स्टार्चच्या द्रावणात चिमूटभर मीठ असतं ते चवीला नव्हे, या अमायलेजला क्लोराइड लागतं. दर मिनिटाला एक थेंब: आधी गडद निळा, मग जांभळट, मग तांबूस, आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. तो पिवळा कितव्या मिनिटाला आला, तो तुमचा आकडा. आणि लाळेऐवजी पाणी घातलेली एक नळी ठेवाच. ती ठेवली नसेल तर बाकीच्या नळ्यांवर बोलायचा हक्क नाही, असं मी मुलांना सांगते.

मैत्रिणीला ३ मिनिटं लागली, मला ९. माझ्या लाळेत काही दोष आहे का?

नाही. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, शिवाय लाळ किती पातळ झाली हेही सारखं नसतं. आपल्या नळ्यांची तुलना आपल्याच नळ्यांशी करा.

घास पोटात गेला की लाळेचं अमायलेज लगेच थांबतं ना?

लगेच नाही. जठरातलं आम्ल घासाच्या गोळ्यात आतपर्यंत मुरायला वेळ लागतो, आणि अन्न स्वतःही बरंच आम्ल पचवतं. तोवर गोळ्याच्या आत अमायलेजचं काम चालू राहतं. आम्ल पोचलं की संपलं. स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूलमधले दाणे चावू किंवा कुटू नका, असं डॉक्टर सांगतात तेही यासाठीच. आतल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते चावलं किंवा कुटलं तर त्यातलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, जठरातच वाया जातं.

अननसाचं रायतं थोड्या वेळानं कडू का होतं?

अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दह्यातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. अननसाच्या फोडी साखरेबरोबर पाच-सात मिनिटं शिजवून, गार करून मग दह्यात घाला. डब्यातला अननस चालतो, तो आधीच तापवलेला असतो. जिलेटिनची जेली ताज्या अननसानं घट्ट होत नाही, तेही हेच.

कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन मात्र वेगळ्या मातीचं. ते ६० अंशांच्या पुढेही बराच वेळ तग धरतं. मटणाला पपई चोळून ठेवली की फ्रिजमध्ये फार काही घडत नाही. खरं काम पातेलं चुलीवर चढल्यावर, मटण हळूहळू तापत असताना होतं. जास्त पपई लावून रात्रभर ठेवलेल्या मटणाचा बाहेरून लगदा आणि आत वातड, असा प्रकार एकदा आमच्याकडे पाहुणे असताना झाला होता. चीक आत शिरत नाही, वरवरच राहतो.

मोड आलेल्या नाचणीची पेज कधी घट्ट होते, कधी पाणीदार. पीठ तर एकच.

पीठ कसं कालवलंत ते सांगा. गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवलंत तर ६०-७० अंशांच्या टप्प्यातून पेज सावकाश जाते. त्याच टप्प्यात स्टार्च फुगतो आणि मोडातलं अमायलेज त्याचे तुकडे करतं, म्हणून पेज पातळ आणि किंचित गोड. पीठ थेट उकळत्या पाण्यात घातलंत तर अमायलेज क्षणात मोडतं आणि पेज घट्ट. लहान बाळाला भरवायची असेल तर पहिली रीत चांगली: पातळ पेजेत पीठ जास्त मावतं, म्हणजे त्याच वाटीत जास्त पोषण. मात्र शेवटी चांगली उकळी आणाच.

चिरलेलं वांगं काळं पडतं, लिंबू लावलेलं सफरचंद पडत नाही. का?

काळेपणा आणतं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. त्याला पीएच ६-७ आवडतो. लिंबाच्या रसानं पीएच ३ च्या खाली जातो आणि ते थंडावतं, वर रसातलं क जीवनसत्त्वही मदतीला असतं. वांगी पाण्यात टाकतो तेव्हा आपण पीएच बदलत नाही, फक्त हवा तोडतो. पाण्यातून काढली की पुन्हा काळी.

थंडीत दही लागत नाही, तेही एन्झाइममुळेच?

अर्धं. विरजणातले जीवाणू थंडीत फार सावकाश वाढतात, आणि त्यांच्या आतली एन्झाइमंही मंद असतात. पण दही घट्ट होणं हे एन्झाइमचं काम नाही. पीएच ४.६ च्या जवळ आला की केसीन आपोआप गोठतं.

१०४ ताप आला की शरीरातली एन्झाइमं मोडतात का?

१०४ फॅरनहाइट म्हणजे ४० अंश सेल्सिअस. आपली बहुतेक एन्झाइमं तेवढ्यानं मोडत नाहीत. अंडंसुद्धा गोठायला ६० च्या पुढे जावं लागतं. एवढा ताप धोक्याचा असतो, डॉक्टरांकडे जायचंच, पण ‘एन्झाइम वितळले’ हे त्याचं कारण म्हणून लिहू नका.

एन्झाइमवाली कपड्यांची पावडर उकळत्या पाण्यात घालावी का?

नको. त्यातलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, बॅसिलस जीवाणूंपासून मिळवलेलं असतं. साबणाच्या पाण्याचा ९-१० पीएच त्याला मानवतो, उकळी मानवत नाही. रक्ताचे, दुधाचे डाग कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या. रेशीम आणि लोकर मात्र लांब ठेवा, तीही प्रथिनंच आहेत. अशी अल्कलीत टिकणारी प्रोटिएजं देणारे जीवाणू आपल्या लोणारच्या सरोवरातही सापडले आहेत. तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो.

घरी करून बघण्यासारखं काही?

बटाटा आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यात तेवढंच पाणी घाला, हातमोजे घाला, डोळ्यांपासून लांब ठेवा. बटाट्यातलं कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून फेस येतो. सारख्या आकाराच्या चार फोडी चार वाट्यांत: एक साधी, एक फ्रिजमधून नुकतीच काढलेली, एक अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवलेली, एक कुकरमधून काढून गार केलेली. चौघींवर एकदमच पेरॉक्साइड ओता आणि फेसाची उंची पट्टीनं मोजा. गार फोड उशिरा फसफसते, पण फसफसते. व्हिनेगरवालीचा पृष्ठभाग गप्प असतो. ती मधोमध कापून आतल्या बाजूवर थेंब टाकलात तर तिथे फेस येतो, कारण आम्ल तिथवर पोचलेलंच नसतं. कुकरमधल्या फोडीवर काही येत नाही. तिच्यावरही बुडबुडे आलेच, तर बटाटा आत कच्चा आहे. आणखी एक शिट्टी होऊ द्या.